कायद्यात बसलं, पण बरोबर होतं का?

बहिणीचं हक्कसोडपत्र असो, म्हाताऱ्या आईबापांचा खर्च असो की रस्त्यावरचा अपघात. ‘कायद्यानं यात चुकीचं काय आहे?’ असं विचारून आपण मोकळे होतो. पण या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की सगळीच उत्तरं मिळतात का?

तालुक्याच्या गावातली दुय्यम निबंधकाची कचेरी. बाहेरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली आहे. सकाळच्या एसटीनं ती माहेरी आली, भावाकडे चहा झाला आणि तिथूनच सगळे इकडे आले. भावानं नवी साडी आणली आहे, ती पिशवीत मांडीवर आहे. वडील जाऊन वर्ष झालं. जमिनीच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर तिचंही नाव लागलं आहे आणि ते आता कमी करायचं आहे.

नाव पुकारलं जातं. कॅमेऱ्यासमोर फोटो होतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो. ‘दस्त वाचला का? कबूल आहे का?’ असं अधिकारी विचारतात. ती भावाकडे पाहते आणि म्हणते, ‘हो.’

दहा मिनिटांत काम संपतं. साक्षीदार खरे, सही खरी, कागद खरा. कुणी दमदाटी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. परतीच्या एसटीत शेजारीण विचारते, ‘अहो, का सोडलंत?’ तेव्हा ती हसून उत्तर देते, ‘जमीन घेतली असती तर माहेर तुटलं असतं.’

असा प्रसंग महाराष्ट्रात कितीतरी घरांनी पाहिला आहे. वकिलाला विचारलं तर तो सांगेल, हक्क स्वखुशीनं सोडता येतो, दस्त पक्का आहे. आणि ते खरंच आहे. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात कुठंतरी खटकतं. का बरं खटकावं? कायद्यानं सगळं रीतसर झालं असताना जे मनाला टोचत राहतं, ते नेमकं काय असतं?

हा प्रश्न नवा नाही. कायदा आणि नीती यांचं नातं काय, यावर तत्त्वज्ञ, न्यायाधीश आणि समाजसुधारक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. तो वाद ग्रंथालयातला वाटला, तरी त्याची झळ पोहोचते ती आपल्या घरापर्यंतच.

दोन वेगळ्या फूटपट्ट्या

खून करू नये, चोरी करू नये, कुणाला फसवू नये. इथं कायदा आणि नीती हातात हात घालून चालतात. पण बाकी ठिकाणी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची हा कायदा आहे. डावी बाजू पवित्र आणि उजवी पापी असं काही नाही. सगळ्यांनी एकच बाजू धरली नाही तर अपघात होतील, एवढंच त्यामागचं कारण. उलट, अडचणीच्या वेळी ज्या मित्रानं मदत केली त्याला आपली वेळ सरल्यावर ओळख न देणं, हा कुठल्याही कायद्यानं गुन्हा नाही. पण त्याला चांगलं कोण म्हणेल?

कायद्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, सर्वांना सारखा लावता येईल असा नियम लागतो. मनात काय होतं ते त्याला कृतीवरून ताडावं लागतं. नीतीचं तसं नाही. तिचा साक्षीदार आपल्या आतच बसलेला असतो आणि त्याच्यापासून लपता येत नाही. कायदा मोडला तर शिक्षा होते. नीती मोडली तर लाज वाटते, निदान वाटायला हवी.

मग सगळी नीतीच कायद्यात का घालू नये?

कलकत्त्याचा शल्यवैद्य

हा प्रश्न भारतात पूर्वीच विचारला गेला आहे. १८३७ साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगानं भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला. त्या मसुद्याला जोडलेल्या टिपणांत एक उदाहरण आहे. कलकत्त्यात एक शल्यवैद्य आहे. मीरतला एक रोगी मरणाच्या दारात आहे आणि त्याच्यावरची शस्त्रक्रिया साऱ्या हिंदुस्थानात केवळ हाच वैद्य करू शकतो. तो जायला नकार देतो आणि रोगी दगावतो. वैद्याला खुनी म्हणायचं का?

मेकॉलेचं उत्तर होतं, नाही. तो माणूस वाईट असेल, पण त्याला शिक्षा करू लागलो तर थांबायचं कुठं? किती कोसांवरच्या रोग्यासाठी किती पदरमोड करणं सक्तीचं, हे कोण ठरवणार? लोकांना दुसऱ्याचं नुकसान करण्यापासून रोखणं हे कायद्याचं काम. प्रत्येकाला परोपकारी बनवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. मात्र जिथं मुळात जबाबदारीच आहे, उदाहरणार्थ आईबापांवर लेकराची किंवा तुरुंगाधिकाऱ्यावर कैद्याची, तिथं काही न करणं हादेखील गुन्हा ठरू शकतो.

दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण हे तत्त्व आजही टिकून आहे. रस्त्यावर अनोळखी माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला दिसला आणि आपण गाडी न थांबवता पुढं गेलो, तर साधारणपणे आपल्यावर खटला होत नाही. ज्या वाहनामुळे अपघात झाला त्याच्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी आहे, येणाऱ्याजाणाऱ्यावर नाही. फ्रान्स आणि जर्मनीत मात्र, स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणं हा गुन्हा आहे.

आपल्याकडे कायद्यानं दुसरी वाट धरली. मदत करावीशी वाटूनही लोक का थांबत नाहीत? पोलीस ठाण्याचे हेलपाटे, साक्षीचं झंझट, ‘तुम्हीच धडक दिली का?’ असा संशय. ही भीती दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

म्हणजे कायद्यानं वाटेतले काटे काढून दिले. गाडी थांबवायची की नाही, हे मात्र चालवणाऱ्यावरच सोडलं.

आईला पैसे पोहोचतात, पण...

कायदा एखादं कर्तव्य सक्तीचं करतो तेव्हा काय होतं, हेही आपण पाहतो आहोत. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं ही आपल्याकडे इतकी उघड गोष्ट मानली जाई, की त्यासाठी वेगळा कायदा लागेल असं आपल्या आजोबांना पटलंही नसतं. पण २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा करावा लागला. त्याप्रमाणे दुर्लक्षित आईवडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. या कायद्यानं मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देता येतो. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्यानं ज्येष्ठ माणसाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात.

हा कायदा चांगलाच आहे. उपाशी आईला आधी जेवण हवं, तत्त्वज्ञान नंतर. पण या कायद्याखाली दरमहा न चुकता रक्कम पाठवणारा आणि वर्षभरात एकदाही आईची विचारपूस न करणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे पावत्या आहेत. कायद्याच्या दृष्टीनं तो निर्दोष आहे. आईच्या दृष्टीनं? कायदा पैसे पोहोचवतो, माया पोहोचवू शकत नाही. हा कायद्याचा दोष नव्हे. जे काम त्याचं नाहीच, ते आपण त्याच्या गळ्यात घालू नये, एवढंच.

कायद्याचा हुकूमच चुकला तर?

इथपर्यंतच्या उदाहरणांत कायदा कमी पडतो. पण कधी कधी तो चुकीच्या बाजूला उभा राहतो. मुंबईत असंच एकदा घडलं आणि त्या खटल्यानं साऱ्या देशाचं लक्ष वेधलं.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या माहेरीच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायकोनं नांदायला यावं म्हणून.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या आणि नवऱ्याबरोबर कधीच न राहिलेल्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हवाली करणं त्यांना मान्य नव्हतं. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नसून इंग्लंडहून इकडे आणलेला आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. पण अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी आलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवलं, तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

विशेष म्हणजे, ज्या इंग्लंडहून हा दावा आला तिथं नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. आपल्याकडे ती १९२३ पर्यंत राहिली.

आता विचार करा. न्यायाधीशानं पुस्तकातला कायदा लागू केला. समोरची बाई म्हणते, हा कायदा मी मानणार नाही, शिक्षा मात्र भोगेन. चूक कुणाची? त्या काळी अनेक नामवंत रखमाबाईंच्या विरोधात होते. लोकमान्य टिळकांनीही त्यांच्यावर टीका केली. एकीनं कायदा झुगारला तर संसार टिकतील कसे, असा त्यांच्या विरोधकांचा सवाल होता. तो अगदीच पोकळ नव्हता. जो तो आपल्या मनाला वाटेल तेव्हा कायदा मोडू लागला, तर दुबळ्याचंच आधी नुकसान होतं.

पण रखमाबाईंनी काय केलं ते नीट पाहा. त्या पळाल्या नाहीत, लपल्या नाहीत, खोटी कारणं सांगितली नाहीत. आपलं म्हणणं त्यांनी उघडपणे मांडलं आणि त्याची किंमत मोजायची तयारी दाखवली. सोयीसाठी कायदा मोडणारा शिक्षा चुकवतो. सदसद्विवेकासाठी मोडणारा तिला सामोरा जातो. दोघांना एकाच मापानं मोजता येत नाही.

पुढं १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि तुरुंग टळला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट इथं अनेक वर्षं स्त्रियांची सेवा केली. या खटल्यानं पेटलेल्या वादाचाही संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यामागे हात होता. १९५५ साली त्या वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. मात्र नांदायला येण्यासाठी दावा लावण्याची तरतूद त्याही कायद्यात नवव्या कलमात राहिली. फरक एवढाच, की आता हा दावा नवरा किंवा बायको कुणीही लावू शकतं आणि त्यापायी तुरुंगात जावं लागत नाही.

वाईट ते सगळं गुन्हा?

याच्या उलट बाजूचा प्रश्नही आहे. एखादी गोष्ट अनैतिक आहे असं बहुतेकांना वाटतं, म्हणून तिला गुन्हा ठरवावं का?

१९५७ साली ब्रिटनमध्ये वुल्फेंडन समितीनं सुचवलं, की प्रौढ पुरुषांनी खासगीत, परस्परसंमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत. त्यावर न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन म्हणाले, समान नीतिकल्पना हे समाजाला बांधून ठेवणारं सूत्र आहे. ते तुटू नये म्हणून कायद्याला हस्तक्षेपाचा हक्क आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनी उलट सवाल केला, बहुसंख्यांना किळस वाटते एवढ्यावर कुणाला तुरुंगात कसं टाकता येईल? तसं करायचं तर त्या कृत्यानं दुसऱ्याचं काही नुकसान व्हायला नको का?

हाच वाद आपल्याकडे २०१८ साली निकाली निघाला. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांपुरतं कलम ३७७ रद्दबातल केलं आणि २७ सप्टेंबरला व्यभिचाराचं कलम ४९७ संपूर्ण रद्द केलं.

या दुसऱ्या निकालावर घरोघर एकच प्रतिक्रिया उमटली, ‘म्हणजे आता सगळं मोकळं का?’ पण जुनं कलम काय होतं ते ठाऊक असायला हवं. त्यात नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि नवरा बाहेरख्याली असेल तर बायकोला तक्रारीची सोय नाही. म्हणजे ते कलम एकनिष्ठेचं रक्षण करत नव्हतं. बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू समजून त्या मालकीचं रक्षण करत होतं. नीतीचा मुखवटा घालून अन्यायच तिथं बसला होता.

व्यभिचार आजही घटस्फोटाचं कारण आहे. न्यायालयानं विश्वासघाताला चांगलं म्हटलं नाही. जोडीदाराचा विश्वास पोलिसांच्या भीतीनं टिकवायचा नसतो, इतकाच त्याचा अर्थ. गुन्हा राहिला नाही म्हणजे ते योग्य झालं, हा अर्थ आपण आपल्या पदरचा लावला.

कायदा पुढं, समाज मागं

मग नीती सुधारण्यात कायद्याचा काहीच उपयोग नाही का? तसंही नाही. १८२९ साली बेंटिंकनं सती बंद केली ती कायद्यानंच. पण कायदा झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. विधवांना पुनर्विवाहाची मुभा १८५६ सालीच मिळाली. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हाही त्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हुंडा देणं आणि घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. तरी ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ हे वाक्य आपण बैठकीत ऐकतोच.

कायदा दार उघडतो. त्यातून पाऊल टाकायला माणसं लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढं हेच बजावलं होतं. संविधानिक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं त्यांचं सांगणं होतं. हिंदू कोड बिलासाठी ते झगडले. त्यात मुलींच्या वारसाहक्काचाही प्रश्न होता. ते बिल रखडलं, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं.

पुन्हा त्या कचेरीत

आता सुरुवातीच्या त्या बाईकडे परत जाऊ. तिच्या मांडीवर साडीची पिशवी आली, त्यामागे केवढा प्रवास आहे! १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा दिला. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. इतक्या वर्षांच्या झगड्यातून मिळालेलं दहा मिनिटांत सुटतं.

कायदा तिला एवढंच विचारू शकतो, ‘कबूल आहे का?’ फसवणूक, धाक किंवा गैरवाजवी दडपण सिद्ध झालं तर असा दस्त न्यायालयात रद्दही होऊ शकतो. पण ‘माहेर तुटेल’ ही भीती सिद्ध कशी करायची? ती कुणी बोलून दाखवलेली नसते. ती तिला लहानपणापासून शिकवलेली असते.

प्रत्येक हक्कसोडपत्र म्हणजे अन्याय, असं मात्र मुळीच नाही. भावानं कर्ज काढून बहिणीचं शिक्षण केलेलं असतं, आईवडिलांचं दुखणं वर्षानुवर्षं काढलेलं असतं. बहीण खरोखरच मनापासून सोडते. कागद दोन्हीकडे सारखाच असतो. दानाचा कागद कुठला आणि भीतीचा कुठला, हे निबंधकाला कळत नाही. भावाला मात्र कळतं.

म्हणून खरा प्रश्न त्या कचेरीत विचारायचाच नसतो. तो आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, घरात विचारायचा असतो. भावानं बहिणीला नुसतं एवढं म्हणावं, ‘ताई, उद्या सही केली नाहीस तरी दिवाळीला येशील ना? मी तुला न्यायला येईन.’

एवढं ऐकल्यावरही तिनं सही केली, तर ती खरी स्वखुशी. आणि नाही केली, तर जमिनीचा वाटा जाईल, पण माहेर तुटणार नाही. हे वाक्य बोलायला भावाला कुठलाच कायदा भाग पाडू शकत नाही. ते त्याचं त्यालाच बोलावं लागेल.